आमच्या गावचं वाचनालय: चार वर्षांच्या सभासदाचा अनुभव

माझं शिलाईचं दुकान वाचनालयाच्या अगदी समोर. पुस्तकांची वर्गणी महिना ३० रुपये, वरच्या अभ्यासिकेचे ५० वेगळे. माझी थोरली तिथंच बसून पोलीस भरतीचा अभ्यास करते. तिच्या मैत्रिणी पुण्यात नुसत्या खुर्चीचे महिन्याला हजारावर भरतात, खोलीभाडं आणि मेस निराळीच. आम्हाला ते झेपलं नसतं. घरी मशीनच्या खडखडाटात काय अभ्यास होणार?

सकाळी सातला दार उघडलं की म्हातारी माणसं पेपरला येतात, गुळाचा भाव आधी बघतात. दुपारी तीन ते पाच बायका. देवळाशिवाय आम्हाला निवांत बसायला गावात दुसरी जागाच नाही, हे पुरुषांच्या लक्षात येत नाही. ग्रंथपालबाई शिष्यवृत्तीचे, पेन्शनचे अर्जही भरून देतात. त्यासाठी कुणी पैसे घेतलेले मी पाहिले नाहीत.

उणीव आहेच. नवी पुस्तकं अनुदान आलं की येतात, तोवर तीच ती. बाईंचा पगारही त्यातूनच, फार तुटपुंजा. याचं वाईट वाटतं, कारण देशातला पहिला ग्रंथालय कायदा आमच्या कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली केला. महाराष्ट्राचा १९६७ चा.

सभासद व्हायला आधार कार्डाची प्रत आणि १०० रुपये अनामत लागते. सोमवारी बंद.