क्रिता आणि चार चौकटी : काही महिन्यांच्या वापरानंतर

चित्रकथेतून साधी गोष्ट सांगायला शिकायचं म्हणून मागच्या पावसाळ्यात ‘क्रिता’ हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर डाउनलोड केलं. अजूनही जवळपास रोज रात्री ते उघडते. चित्र काढण्यासाठी ते किती चांगलं आहे, याबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. मला सांगायचंय ते वेगळं आहे : गोष्टीतलं काय काढून टाकायचं, हे मी त्याच्या लेयरच्या, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांच्या, यादीतून शिकले.

क्रिता केडीई या मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या समुदायाचं आहे, मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतं. अधिकृत साइटवरून फुकट मिळतं. स्टीम या ऑनलाइन दुकानातून विकत घेतलं तर ते पैसे त्याच्या विकासाला लागतात. नवी फाइल उघडतानाच कॉमिकच्या पानांचे तयार साचे मिळतात. त्याआधी मी तयार पात्रं ओढून चौकटीत ठेवायची एक वेबसाइट वापरत होते. काम झटपट व्हायचं, पण मराठी टाइप केलं की जोडाक्षरं फुटायची. ‘कंडक्टर’मधला क्ट सुटा दिसला की वाचणारा तिथेच अडखळतो.

माझी एक पट्टी, म्हणजे काही चौकटींची छोटी चित्रकथा, सांगते, म्हणजे मुद्दा कळेल. एक काका रत्नागिरीहून एसटीने पुण्याला निघालेत, सोबत भलामोठा फणस. मी आधी सहा चौकटी काढल्या होत्या : घरातून निघणं, स्टँड, गाडीत चढणं, कंडक्टरचा प्रश्न, काकांचं उत्तर आणि शेवट. प्रत्येक चौकट लेयरच्या वेगळ्या ग्रुपमध्ये ठेवली होती. यादीत ग्रुपच्या नावाशेजारी डोळ्याचं चिन्ह असतं, त्यावर क्लिक केलं की तेवढी चौकट दिसेनाशी होते. घर झाकलं, गोष्ट तशीच उभी. चढणं झाकलं, तर गोष्ट उलट वेगात आली. स्टँडवर उभे असलेले काका पुढच्या चौकटीत सीटवर दिसले की दोन चौकटींमधल्या पांढऱ्या जागेत वाचक त्यांना आपणच गाडीत चढवतो. कागदावर हे करायचं तर खोडा किंवा पुन्हा काढा. इथे मन बदललं तर डोळा परत उघडायचा.

उरल्या चार. पहिलीत काका स्टँडवर, पायाशी फणस. दुसरीत कंडक्टर : “किती?” तिसरीत काका : “एक फुल, एक हाफ.” कंडक्टर मान लांब करून पोर शोधतोय. चौथीत फणस खिडकीशी, काका कडेच्या सीटवर. त्या शेवटच्या चौकटीत आधी “याला खिडकी लागते” असं वाक्य होतं. तो मजकुराचा लेयर झाकला आणि चौकट एकदम बोलकी झाली. मात्र त्यासाठी दुसरी-तिसरी चौकट इतकी जवळून घ्यावी लागली, की खिडकीकडची सीट दिसूच नये. जपानमध्ये चार चौकटींच्या पट्ट्यांची मोठी परंपरा आहे. तिथे सुरुवात, विस्तार, वळण आणि शेवट अशी मांडणी सांगतात, वळण तिसऱ्या चौकटीत. आपल्याकडे ‘सकाळ’मध्ये 1991 साली सुरू झालेला चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ ज्यांनी रोज वाचला, त्यांना ही लय न शिकवताही ओळखू येईल.

संवादाच्या फुग्यांबद्दल कुणी फारसं बोलत नाही, आणि गोष्ट बिघडते ती तिथेच. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून आधी बोलणारा डावीकडे हवा. माझा कंडक्टर उजवीकडे होता, फुग्यांच्या शेपट्या एकमेकींवर चढत होत्या. मजकूर सोडून अख्खा ग्रुप आडवा उलटवला, प्रश्न मिटला. देवनागरीत वर वेलांटी-रफार, खाली उकार. दोन ओळींत जागा जास्त सोडावी लागते, म्हणून फुगा उंचीला मोठा धरायचा. मजकूर आधी टाकायचा आणि फुगा त्याच्याभोवती काढायचा, हीच माझी पद्धत झाली आहे. फाँटमध्ये ‘कलम’ मला फार आवडतो, हाताने लिहिल्यासारखा दिसतो. ओरडण्यासाठी ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘बालू’. दोन्ही फुकट आहेत.

हात थरथरत असेल तर ब्रशचं स्टॅबिलायझर लावून बघा, रेषा खरंच सुधारते. छोटा पेन टॅबलेट असेल तर उत्तम. माउसने काम होतं, पण चेहरे काढताना जीव मेटाकुटीला येतो. जुना, 4 जीबी रॅमचा लॅपटॉप असेल तर 300 डीपीआयच्या, म्हणजे छपाईइतक्या बारकाव्याच्या, पानावर भरमसाट लेयर ठेवू नका. पूर्ण झालेल्या चौकटीचे लेयर एकत्र करून टाका, मूळ फाइलची प्रत मात्र बाजूला ठेवा. आणि पट्टी फोनवर पाठवणार असाल तर चार चौकटी एका ओळीत नकोत, अक्षरं मुंगीएवढी होतात. दोनाखाली दोन मांडा.

भाचीला फुग्यांचे सगळे लेयर झाकून फणसाची पट्टी दाखवली. तिने काकांचं तिकीट सोडून बाकी गोष्ट बरोबर सांगितली. तेव्हापासून प्रत्येक पट्टी आधी शब्दांवाचून कुणाला तरी दाखवते, आणि समोरचा जिथे थांबतो तीच चौकट पुन्हा काढायला घेते.