सैनिक स्कूल, मिलिटरी स्कूल, आरआयएमसी: तिन्हीकडचं जीके एकच समजू नका

पोरगं पाचवीत गेलं की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, जीकेसाठी (सामान्य ज्ञानासाठी) कुठलं पुस्तक घेऊ? आणि माझा उलटा प्रश्नही ठरलेला, परीक्षा कुठली देताय? कारण दुकानात एकाच जाडजूड गाइडच्या कव्हरवर सैनिक, मिलिटरी, आरआयएमसी (डेहराडूनचं राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज), नवोदय अशी सगळी नावं छापलेली असतात आणि आतला मसाला सगळ्यांना एकच. नवोदयच्या सहावीच्या परीक्षेत तर जीके नसतंच, तिथे बुद्धिमत्ता, अंकगणित आणि भाषा एवढंच, तरी नाव कव्हरवर असतं. आपल्याकडची मुलं साधारण ज्या तीन परीक्षा देतात त्यात जीके आहे, पण तिन्हीकडे त्याचं वजन वेगळं, विचारायची पद्धत वेगळी आणि चालू घडामोडींचं प्रमाणही वेगळं, त्यामुळे एकीकडची तयारी दुसरीकडे अर्धीच कामाला येते.

आधी मार्कांचा हिशोब बघून घेऊ. सैनिक स्कूलची सहावीची परीक्षा एनटीए (केंद्राची परीक्षा घेणारी संस्था) घेते, 125 प्रश्न, 300 मार्क, अडीच तास. त्यात गणिताचे 50 प्रश्न तीन-तीन मार्कांचे म्हणजे 150 मार्क एकट्या गणिताला, आणि बुद्धिमत्ता, भाषा, जीके यांना प्रत्येकी 25 प्रश्न, 50 मार्क. म्हणजे जीके एक षष्ठांश. आरआयएमसीला एकूण 450, गणित 200, इंग्रजी 125, जीके 75 आणि तोंडी 50, म्हणजे इथेही जीके एक षष्ठांशच, कागदावर दोन्हीकडे सारखं दिसतं पण ते तसं नाहीये, ते पुढे सांगतो. आणि राष्ट्रीय मिलिटरी स्कूलच्या सहावीला पेपरचं नावच जनरल नॉलेज अँड करंट अफेअर्स, आणि त्याला 50 मार्क, गणितालाही 50. गणिताच्या बरोबरीचं जीके तिघांत फक्त इथेच.

सैनिक स्कूलचं जीके

याच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. लोक सैनिक स्कूल म्हटलं की चालू घडामोडींची मासिकं गोळा करायला लागतात, पोराकडून मंत्र्यांच्या याद्या घोकून घेतात. एकदा एनटीएच्या माहितीपुस्तिकेतला सहावीच्या जीकेचा सिलॅबस काढून वाचा. पहिले विषय काय आहेत तर प्राण्यांची तीक्ष्ण ज्ञानेंद्रियं, माणूस आणि प्राणी यांचं नातं, चव आणि पचन, अन्न टिकवायच्या पद्धती, बी रुजणं आणि बियांचा प्रसार, पाणी साठवायच्या पारंपरिक पद्धती, डोंगराळ भागातलं जीवन, ऐतिहासिक वास्तू, पृथ्वीचा आकार आणि गुरुत्वाकर्षण. हे जवळजवळ त्याच क्रमाने एनसीईआरटीच्या पाचवीच्या जुन्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकातले धडे आहेत. त्यानंतर मग राष्ट्रीय प्रतीकं, धर्म, नृत्य, वाद्यं, कॉम्प्युटरचे शब्द, शास्त्रज्ञ आणि शोध, सैन्यातल्या रँक, खेळ, पुरस्कार वगैरे येतं.

आता आपल्या स्टेट बोर्डाच्या मुलाने पाचवीचा परिसर अभ्यास अगदी मन लावून केला तरी त्यात जैसलमेरचा घडसीसर तलाव किंवा गोवळकोंड्याच्या भिंतींची रचना येईलच असं नाही, आणि वेल्क्रोची कल्पना जॉर्ज मेस्ट्रलला कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेल्या काटेरी बियांवरून सुचली, हे तर नाहीच. म्हणून माझं स्पष्ट मत, सैनिकसाठी पहिला खर्च मासिकावर नको, त्या जुन्या एनसीईआरटी पुस्तकावर करा, ते मोफत पीडीएफमध्ये मिळालं तर उत्तमच. मूल सीबीएसईचं असेल तर हा भाग त्याला सोपा जातो.

रँकवर मात्र दोन संध्याकाळी घालवाच. आर्मीतला कॅप्टन आणि नेव्हीतला कॅप्टन एका पातळीचे नसतात, नेव्हीतला कॅप्टन म्हणजे आर्मीतला कर्नल आणि एअरफोर्सचा ग्रुप कॅप्टन, तर आर्मीतल्या कॅप्टनच्या बरोबरीला नेव्हीत लेफ्टनंट आणि एअरफोर्समध्ये फ्लाइट लेफ्टनंट. मुलं इथे हमखास गडबडतात, कारण गाइडमध्ये तीन याद्या तीन वेगळ्या पानांवर असतात आणि कोणी त्या शेजारी शेजारी मांडूनच दाखवलेल्या नसतात. एका कागदावर तीन रांगा काढा, भिंतीला चिकटवा, काम झालं.

मोठा फायदा म्हणजे सहावीचा पेपर मराठीतून देता येतो, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे उत्तरपत्रिकेतला एकही गोल रिकामा सोडायचा नाही हे पोराला आत्तापासून सांगून ठेवा. प्रत्येक विषयात किमान 25 टक्के आणि एकूण 40 टक्के लागतात (एससी-एसटीला ही अट नाही), म्हणजे जीकेत सात प्रश्न बरोबर आले की अट निघाली. पण त्यावर खुश होऊ नका, मेरिट यापेक्षा खूप वर लागतं, आणि खरं सांगायचं तर ते मेरिट गणितावर ठरतं. जीकेमागे धावताना ज्याचं गणित मागे पडलं त्याचा सौदा तोट्याचा.

मिलिटरी स्कूलचं जीके

देशात अशा पाचच शाळा आहेत, चैल, अजमेर, बेळगाव, बेंगळुरू आणि धोलपूर, आपल्याला जवळची अर्थातच बेळगाव. इथे चालू घडामोडी खरोखर लागतात, आणि पेपर मराठीत नसतो. पण चालू घडामोडी म्हणजे रोजची बातमी पाठ करणं नाही, दहा-अकरा वर्षांच्या पोराला विचारतात ती बातमी आणि तिच्यामागचं जुनं ज्ञान यांची गाठ असते. उदाहरण बघा. जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश, म्हणजे आपल्या किल्ल्यांचा समूह, युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. आता नुसतं एवढं लक्षात ठेवलं तर एक प्रश्न सुटेल. पण किल्ले किती, तर 12. महाराष्ट्रात किती, 11. बारावा कुठे, तमिळनाडूत, जिंजी. जिंजीला कोण राहिलं होतं, राजाराम महाराज, मुघलांचा वेढा पडलेला असताना. भारतातलं हे कितवं स्थळ, 44 वं. एका बातमीतून इतिहास, भूगोल आणि चालू घडामोडी तिन्ही निघाले.

तसंच स्वप्नील कुसाळेचं. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ, कोल्हापूर जिल्ह्यातला मुलगा, तिथून थेट खाशाबा जाधवांवर या, 1952, हेलसिंकी, कुस्ती, ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. नेव्ही डे 4 डिसेंबरला का, तर 1971 च्या युद्धातला कराचीवरचा हल्ला, ऑपरेशन ट्रायडंट. 2023 चा नेव्ही डे कुठे झाला, सिंधुदुर्गात. नौदलाचा नवा झेंडा कधी आला, 2 सप्टेंबर 2022 ला, आयएनएस विक्रांत ताफ्यात आली त्याच दिवशी कोचीला, आणि त्यावरच्या अष्टकोनाची प्रेरणा शिवाजी महाराजांची राजमुद्रा. हे असं साखळीने सांगितलं की पोरं विसरत नाहीत, नुसती तारीख दिली की परवापर्यंत गायब.

पण मिलिटरी स्कूलचा निर्णय घ्यायच्या आधी एक गोष्ट तपासा. या शाळांमधल्या बहुसंख्य जागा जेसीओ (सैन्यातले सुभेदार वगैरे कनिष्ठ अधिकारी) आणि जवानांच्या मुलांसाठी राखीव असतात. तुमच्या घरात कोणी फौजेत असेल तर ही परीक्षा पहिल्या नंबरवर ठेवा, जीकेवर घेतलेल्या कष्टाचं इथे सगळ्यात जास्त फळ मिळतं. नसेल तर फॉर्म जरूर भरा पण वर्षभराची सगळी आखणी हिच्याभोवती करू नका. सैनिक स्कूलचं उलटं आहे, तिथे 67 टक्के जागा शाळा ज्या राज्यात आहे तिथल्या मुलांना, म्हणजे सातारा आणि चंद्रपूरला आपल्या मुलांना घरचं मैदान आहे.

आरआयएमसी

हे प्रकरणच वेगळं. डेहराडून, 1922 ची संस्था, प्रवेश आठवीत, त्यामुळे मूल सातवीत असलं पाहिजे किंवा सातवी पास, आणि वय साडेअकरा ते तेरा. परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर, आपल्याकडे पुण्यात राज्य परीक्षा परिषद घेते. एका सत्राला महाराष्ट्राच्या वाट्याला जागा इतक्या कमी येतात की बोटांवर मोजाव्यात.

वर म्हटलं ना कागदावर सारखं दिसतं पण तसं नाही, ते यासाठी. इथे जीकेत गोल रंगवून सुटका नाही, बराचसा भाग हाताने लिहायचा असतो, इंग्रजीत किंवा हिंदीत. पर्याय समोर असताना विक्रम साराभाई ओळखणारं मूल कोऱ्या ओळीवर तेच नाव इंग्रजीत लिहिताना अडतं, एच कुठे येतो, आय एक की दोन. म्हणून जीकेची प्रॅक्टिस इथे तोंडी घेऊच नका, लिहूनच घ्या. प्रत्येक विषयात 50 टक्के लागतात, त्यामुळे गणितात पैकीच्या पैकी आणि जीकेत 35 अशी अवस्था झाली तर मुलगा बाहेर, सैनिकसारखं गणितावर तरून जाता येत नाही.

आणि मग तोंडी. तिथे पाठांतर लगेच उघडं पडतं. चांद्रयान-3 कधी उतरलं हे सगळ्यांना येतं, 23 ऑगस्ट 2023, पण दक्षिण ध्रुवाकडेच का पाठवलं असं विचारलं की बरीच मुलं गप्प होतात. कायम सावलीत राहणाऱ्या खड्ड्यांमध्ये बर्फाच्या रूपात पाणी असण्याची शक्यता आहे म्हणून, एवढं एक वाक्य स्वतःच्या शब्दात सांगता आलं तर पुरे. त्यासाठी जेवताना बातम्यांवर गप्पा मारणारं घर लागतं, क्लास हे देऊ शकत नाही, कितीही फी घेतली तरी.

मग साहित्य कुठलं

पेपर, मासिक आणि यूट्यूब यात निवडायचं तर, सैनिकसाठी यातलं काहीच तातडीचं नाही, शेवटच्या दोन महिन्यांत पुरस्कार आणि खेळ यांची एक छोटी उजळणी बास. मिलिटरी स्कूलसाठी मासिक कामाचं, पण मुलांसाठीचं घ्या, एमपीएससीवाल्यांचं नको, पाचवीच्या पोराला रेपो रेट घेऊन करायचंय काय. आरआयएमसीसाठी रोजचा पेपर आणि एक वही, मोठ्यांनी बातमी निवडायची, मुलाने दोन ओळी लिहायच्या, इंग्रजी माध्यमाचं मूल असेल तर इंग्रजी पेपर. यूट्यूबवरचे टॉप 100 प्रश्न उजळणीला ठीक आहेत, पण शिकायला नाही, कारण तिथे प्रश्न आणि उत्तर यांच्यामधला का नावाचा भाग कापलेला असतो.

गाइड घेणारच असाल तर दुकानात उभ्या उभ्या तीन ठिकाणं उघडून बघा. केंद्रशासित प्रदेश 8 दिलेत का (जानेवारी 2020 पासून 8 आहेत, काही पुस्तकांत अजून 9 किंवा 7). अभिजात भाषांच्या यादीत मराठी आहे का, 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीसोबत पाली, प्राकृत, आसामी, बंगाली आल्या आणि संख्या 11 झाली. आणि जिल्ह्यांच्या नकाशात अहिल्यानगर, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर आहेत की जुनीच नावं. तिन्हीत एकही चुकलं तर कव्हरवर यंदाचं साल असलं तरी आत जुनाच माल आहे समजा आणि ठेवून द्या.

मुलगी असेल तर आता सैनिक स्कूलला सहावीपासून प्रवेश आहे, आरआयएमसीतही 2022 पासून मुली घेतात, त्यामुळे वरचं सगळं तिलाही तसंच्या तसं लागू.

आणि सहावीची संधी हुकली असेल, नववीच्या प्रवेशाचा विचार चालू असेल तर जीकेचं गाइड घेऊच नका. सैनिकच्या नववीला जीके हा विषयच नाही, त्याच्या जागी सामान्य विज्ञान 50 आणि सामाजिक शास्त्र 50, गणित 200, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता धरून एकूण 400, आणि पेपर फक्त इंग्रजीतून. मराठी माध्यमातल्या मुलाने सातवीच्या सुट्टीतच इतिहास-भूगोल-विज्ञानाची इंग्रजी पुस्तकं हातात घेतली तर वेळ पुरतो, आठवीच्या दिवाळीनंतर सुरू केलं तर फार धावपळ होते.