लीड्समध्ये घर घेताना: व्हिक्टोरियन दगडी जोडघर की १९३०चं विटांचं?

भाड्याच्या फ्लॅटमधून स्वतःच्या घराकडे निघालेली आपली माणसं इथे बऱ्याचदा दोन घरांपाशी अडतात. एक हेडिंग्ली किंवा इल्कलीकडचं दगडी व्हिक्टोरियन 'सेमी', दुसरं १९३०च्या दशकातलं विटांचं. आम्ही विटांच्या घरात सहा वर्षं काढली, दगडी घरात अकरावं चालू आहे.

सेमी म्हणजे दोन बिऱ्हाडं आणि मधली भिंत सामाईक. बाहेरून मात्र एकच मोठा बंगला वाटावा, हा मूळचा हेतू. जॉन क्लॉडियस लाउडन या उद्यानरचनाकाराने १८२०च्या दशकात लंडनच्या बेजवॉटरमध्ये असं जोडघर बांधलं होतं. व्हिक्टोरियन बांधकामवाल्यांनी तीच युक्ती मध्यमवर्गापर्यंत नेली.

म्हणून आधी दारं बघा. दोन्ही दारं मध्ये शेजारी-शेजारी असतील, तर सहसा सामाईक भिंतीला दोन्हीकडचे जिने आणि दारातून आत जायचे बोळ लागतात आणि बैठकीच्या खोल्या लांब राहतात. दारं दोन टोकांना असतील, तर बैठका पाठीला पाठ लावून येतात आणि शेजारचा टीव्ही तुमच्या कानाशी. आमचं विटांचं घर या दुसऱ्या प्रकारचं होतं. तिथली बातम्यांची वेळ आम्हाला पाठ झाली होती.

खरा फरक भिंतीत आहे. विटांच्या घरात बहुधा दोन पातळ भिंती आणि मध्ये पोकळी असते, त्यामुळे बाहेरची ओल आत पोचत नाही. पोकळीत पुढे उष्णतारोधक भरताही येतं, मात्र भिंत झोडपणाऱ्या पावसाच्या तोंडाला नको. दगडी भिंत दीड-दोन फूट जाड आणि भरीव: बाहेर घडीव दगड, आत डबर आणि चुना. पावसात ती पाणी पिते आणि उघडीप झाली की चुन्याच्या दर्जांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, सोडते. इथे आपला अंदाज चुकतो, कारण 'दगडी घर' म्हटलं की डोळ्यांसमोर येतो आपला काळा पाषाण. इथला दगड वालुकाश्म आहे, मूळचा मधाच्या रंगाचा. तो काळा पडला गिरण्यांच्या आणि घरोघरच्या कोळशाच्या धुराने.

आमच्या घराच्या दर्जा आधीच्या कुणीतरी सिमेंटने भरून घेतल्या होत्या. पाण्याची वाट बंद झाली आणि पुढच्या खिडकीखालच्या दगडाचे पापुद्रे सुटू लागले. आत गुडघाभर उंचीवर ओलीचा पट्टा उमटला. सगळं सिमेंट छिन्नीने काढून पुन्हा चुना भरला, तरी भिंत वाळायला दोन उन्हाळे गेले. घर बघायला जाल तेव्हा मालकाला विचारून दर्जेवर किल्ली ओढून बघा. चुन्याचा भुगा पडतो, सिमेंटवर जेमतेम ओरखडा उठतो. दगड उजळ करायला वाळूचा मारा केलेला असेल, तर ते घर मी सोडून देईन. दगडाची टणक वरची कातडीच जाते.

खिडक्यांवर माझा जीव आहे. वर-खाली सरकणारी लाकडी झडप, आणि चौकटीच्या पोटात दोरीला टांगलेली लोखंडी वजनं. दोरी बदलली की दीडशे वर्षांची झडप एका बोटाने उचलते. पण थंडी आत येते, आणि संवर्धन क्षेत्रात, म्हणजे जुनं रूप जपायचं ठरलेल्या भागात, काही बदलायचं तर आधी कौन्सिलला विचारावं लागू शकतं. उंच छत आणि भरीव भिंत मिळून हीटिंगचं बिलही फुगवतात. आतून उष्णतारोधक लावलंत तर छताकडेची नक्षी झाकली जाते.

विटांच्या घराची दुखणी साधी. दोन भिंतींना जोडणारे पोकळीतले लोखंडी बांध गंजले की दर्जांत आडव्या चिरा दिसतात, एवढं सर्वेअरला विचारा. गाडी दारात लागते, मागे मुलांना बाग मिळते.

डिपॉझिट भरून हात रिकामे होणार असतील, तर विटांचंच घ्या. वेगळी गंगाजळी असेल आणि छतावरच्या स्लेटपासून धुराड्यापर्यंत शेजाऱ्याशी मिळून खर्च करायची तयारी असेल, तर दगडी घर घ्या. आम्हाला आजवर पस्तावा झालेला नाही. मात्र ऑफर देण्याआधी एकदा भर पावसात जा. पन्हळी कुठे गळतात आणि भिंतीतल्या जमिनीलगतच्या हवेच्या जाळ्या बाहेरच्या फरशीखाली बुजल्यात का, ते बघा. त्या बुजल्या असतील तर लाकडी जमिनीखालचे वासे कुजू लागलेले असू शकतात, आणि हे दोन्ही प्रकारच्या घरांना लागू आहे.