पुरात पडलेल्या घरांच्या नावाने आम्हाला असं लुटलं

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. त्यानंतर कितीतरी दिवस तांदूळ, चादरी, पाण्याच्या बाटल्यांचे टेंपो थांबत नव्हते. आम्हाला लुबाडणारा तेव्हा आला नाही. तो आला गणपतीनंतर. टेंपो बंद झाले होते आणि लोकांना पत्रे, सिमेंट, गवंड्याची मजुरी यांची नड होती.

डोंबिवलीतल्या आमच्या गावकरी मंडळाच्या ग्रुपवर पोस्टर पडलं, ‘एक घर उभं करा, श्रमदान आमचं.’ फोटो अस्सल होते. चिखलाने भरलेली घमेली, भिंतीवर छातीएवढ्या उंचीची पुराची रेघ. राबणारी पोरंही खरी, फक्त त्यांना या पोस्टरचा पत्ता नव्हता. खाली क्यूआर कोड. फोनवरचा माणूस भलताच गोड, ‘दादा, ताई’शिवाय बोलायचा नाही. पैसे टाकले की लगेच पावती, वर ८०जीचा, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत देणाऱ्या नोंदणीचा नंबर छापलेला.

दिवाळीत त्याने ‘तुमचं घर’ म्हणून फोटो पाठवला. ठाण्याच्या चुलतबहिणीलाही एक आला होता. तेच घर, दारातला तोच निळा ड्रम, दोरीवर तोच परकर. घरमालकाचं नाव मात्र वेगळं! खेर्डीतला मामेभाऊ शोधत शोधत त्या घरी पोचला. तिथल्या काकांनी पतसंस्थेचं कर्ज काढून छप्पर घातलं होतं. या माणसाकडून त्यांना एक पत्राही मिळाला नव्हता.

सायबर पोलिसांकडे तक्रार केली, पण खात्यातले पैसे केव्हाच काढलेले होते. आता अशा फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे. तिथे ताबडतोब फोन केला तर रक्कम पुढे जाण्याआधी अडवता येते.

वर्गणी मागणाऱ्याला धर्मादाय आयुक्तांकडची नोंद विचारा. गणपती मंडळंसुद्धा ४१सीचा, म्हणजे वर्गणी गोळा करायच्या परवानगीचा कागद काढतात. क्यूआर स्कॅन केल्यावर दिसणारं नाव संस्थेचं आहे की कुणा भलत्याचं, ते पिन टाकण्याआधी वाचा. ८०जीचा नंबर आयकर विभागाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. छापायला काय, कुणीही छापतो.

आमचं मंडळ आता कुणाच्या हातात रोख देत नाही. घरमालकाशी बोलून गावाजवळच्या हार्डवेअरवाल्याला थेट पैसे पाठवतो आणि पत्रे त्याच्या बिलासकट घरपोच उतरवून घेतो.