मापाने शिवलेला लिओटार्ड, दोन मुली आणि दोन आवडी

मी ठाण्यात राहतो आणि माझ्या दोन्ही मुली जिम्नॅस्टिक्स शिकतात. थोरली अकरा वर्षांची असून ती आर्टिस्टिक प्रकारात, म्हणजे व्हॉल्ट, अनइव्हन बार (कमी-जास्त उंचीचे दोन आडवे दांडे), बॅलन्स बीम (अरुंद आडवी तुळई) आणि फ्लोअर या चार साधनांवर सराव करते. धाकटी आठ वर्षांची असून रिदमिकमध्ये आहे आणि तिचा सगळा जीव हूप, चेंडू आणि रिबन यांत गुंतलेला असतो. गेल्या दीड वर्षात दोघींचे मिळून पाच लिओटार्ड, म्हणजे जिम्नॅस्टिक्ससाठीचे अंगाला घट्ट बसणारे अखंड पोशाख, मी नौपाड्यातील एका शिवणकाम करणाऱ्या काकूंकडून मापाने शिवून घेतले. त्यांच्या दुकानाला पाटी नाही. तळमजल्यावरच्या घराची पुढची खोली हेच दुकान. परिसरातील जिम्नॅस्टिक्सच्या कोणत्याही वर्गाबाहेर थांबलेल्या पालकांना विचारले की पत्ता मिळतो. या सेवेबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे आणि त्याच ओघात केसांबद्दलही लिहिणार आहे, कारण आमच्या घरी सरावाला निघताना होणारी रडारड नेहमी याच दोन गोष्टींवरून होत असे.

काकूंकडे जाण्यापूर्वी मी दोघींसाठी ऑनलाइन मागवलेले, एकाच मोरपंखी रंगाचे, चकचकीत कापडाचे दोन लिओटार्ड घेतले होते. बहिणी आहेत, सारखे घातले तर छान दिसतील, एवढाच विचार मी केला होता आणि तो चुकीचा होता. दुसऱ्याच आठवड्यात थोरलीच्या लिओटार्डची जांघेतली शिवण बीमवर उडी घेताना उसवली. पुढे काकूंनी तो हातात घेऊन आतून उलटा केला आणि कारण दाखवले: कापड चारही बाजूंनी ताणले जाणारे असूनही शिवण मात्र साध्या सरळ टाक्याची होती. कापड ताणले जाते, सरळ टाक्याचा दोरा ताणला जात नाही, आणि शेवटी दोराच तुटतो. अशा कापडाला चार दोऱ्यांची ओव्हरलॉक शिलाई, म्हणजे कापडाबरोबर ताणली जाणारी गुंफलेली शिवण, आणि कडेच्या इलॅस्टिकला नागमोडी टाका लागतो. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत, परंतु त्याहून अधिक मला दुसरीच गोष्ट लागली. शिवण उसवण्याच्या आधीही थोरली प्रत्येक उडीनंतर दोन बोटांनी मांडीवरची कड खाली ओढत होती. बीम पाच मीटर लांब आणि जमिनीपासून सव्वा मीटर उंच असतो, पण त्याची रुंदी अवघी दहा सेंटिमीटर असते. त्यावर उभ्या असलेल्या मुलीचा एक हात सतत कपड्याकडे जात असेल, तर तिचे लक्ष कुठे आहे हे वेगळे सांगायला नको. आणि मी मात्र कितीतरी दिवस तिला ‘हात नीट ठेव’ असेच सांगत राहिलो होतो.

काकू माप कसे घेतात, यावरच त्यांच्या कामाची पारख होते. छाती, कंबर आणि नितंब ही मापे तर त्या घेतातच, परंतु सर्वांत आधी टेप उजव्या खांद्यावर ठेवून, पुढून खाली, दोन्ही पायांमधून आणि पाठीवरून पुन्हा त्याच खांद्यापर्यंत नेतात. थोरलीचे हे माप ४९ इंच भरले आणि धाकटीचे ४५. तयार कपड्यांत वय किंवा उंची पाहून साइज ठरते, आणि ज्या मुलीचे धड लांब व पाय आखूड असतात तिला उंचीच्या हिशेबाने घेतलेला लिओटार्ड खांद्यात काचतो आणि जांघेत रुततो. आमच्या थोरलीची बांधणी नेमकी तशी आहे. माप झाल्यावर काकूंनी सतरंजी अंथरली आणि तिला म्हणाल्या, “आता कमान टाक बघू, मग स्प्लिट कर.” मुलगी कमानीत असताना त्यांनी पाठीच्या मणक्यावर टेप लावून किती फरक पडतो ते पाहिले आणि वहीत लिहून ठेवले. प्रत्यक्षात कापड मापापेक्षा थोडे कमीच कापावे लागते, कारण अंगावर चढल्यावर ते ताणूनच बसले पाहिजे. किती कमी, हे कापडाच्या ताणावर ठरते, म्हणून त्या दर वेळी ठाणातला एक तुकडा पट्टीवर ओढून पाहतात. पूर्वी त्या दोरीच्या मल्लखांबाच्या मुलींचे पोशाख शिवत असत. दोरी मांडीच्या आतल्या बाजूला आणि काखेत घासते, त्यामुळे शिवण कुठे येऊ द्यायची नाही, याचे ज्ञान त्यांना तिथे मिळाले, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या लिओटार्डमध्ये काखेखालची शिवण किंचित पाठीकडे सरकवलेली असते, हे मी स्वतः पाहिले आहे.

आता आवडीनिवडीकडे वळतो. थोरलीला चमक नको, खडे नकोत, आणि गेल्या वर्षापासून तिला उघड्या मांड्याही नको वाटू लागल्या. हे तिने मला थेट सांगितले नाही. तिने काकूंना सांगितले, आणि तेही मी चहा आणायला बाहेर गेलो असताना. काकूंनी मला बाजूला घेऊन एवढेच म्हटले, “दादा, हिला घोट्यापर्यंतचा शिवूया का? नियमात बसतो.” तो खरोखरच बसतो. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाच्या नियमांत नितंबापासून घोट्यापर्यंत पाय झाकणारा अखंड पोशाख चालतो. एप्रिल २०२१ मध्ये बासेल येथील युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत जर्मनीच्या जिम्नॅस्ट सारा फॉस आणि त्यांच्या सहकारी असेच पूर्ण लांबीचे पोशाख घालून उतरल्या आणि त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मन संघाने ते पुन्हा घातले. मी त्या संघाची छायाचित्रे थोरलीला दाखवली तेव्हा ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग रंग कोणता घ्यायचा एवढेच बोलली. गडद निळ्या, चमक नसलेल्या कापडाचा, मनगटापर्यंत बाह्या आणि घोट्यापर्यंत पाय असलेला तिचा पोशाख बारा दिवसांत तयार झाला. तो घालून ती बीमवर गेली, त्या दिवशी तिचा हात एकदाही कपड्याकडे गेला नाही. या एका गोष्टीसाठी मी काकूंचा मनापासून ऋणी आहे. पालकांनी एवढे मात्र करावे: असा पोशाख शिवण्यापूर्वी आपल्या प्रशिक्षकांना आणि स्थानिक स्पर्धेच्या आयोजकांना विचारून घ्यावे, कारण आर्टिस्टिक प्रकारात नियमबाह्य पोशाखासाठी ०.३० गुण कापले जातात आणि स्पर्धेच्या दिवशी मुलीला ते कळावे, असे कोणत्याही पालकाला वाटणार नाही.

धाकटीचे सगळेच निराळे आहे. तिला झगमग हवी, जांभळा आणि गुलाबी एकत्र हवा, कमरेला स्कर्टसारखा छोटा घेर हवा आणि छातीवर एक मोर हवा. रिदमिकमध्ये पोशाख हा सादरीकरणाचाच भाग असतो, त्यामुळे तिची मागणी अवाजवी नाही, आणि काकूंनीही तिला हसून उडवून लावले नाही. त्यांनी तिच्यासमोर कागद ठेवला आणि पेन्सिलीने मोर काढून घेतला. मग मात्र त्यांनी तिला समोर बसवून नियम समजावले: घेर कटिभागाच्या खाली जाता कामा नये, जाळीदार कापडाला छातीपासून धडापर्यंत अस्तर हवेच, आणि खडे अशा जागी लावायचे नाहीत जिथून चेंडू अंगावरून घरंगळतो. शेवटची गोष्ट नियमपुस्तकातली नसून अनुभवातली आहे. चेंडू छातीवरून हातापर्यंत सरकवताना तो उंच खड्यांवर अडखळतो. म्हणून तिचा मोर एका खांद्यावरून पाठीकडे गेला आणि पुढची बाजू सपाट राहिली. आठ वर्षांच्या मुलीने हा बदल विनातक्रार मान्य केला, कारण तिला ‘नको’ असे न म्हणता ‘कुठे’ ते सांगितले गेले होते.

केसांच्या बाबतीत काकूंचा थेट संबंध नाही, पण पहिला सल्ला त्यांचाच होता. थोरलीला केस बांधायलाच आवडत नाही. तिने ते खांद्यापर्यंत कापून घेतले आहेत. तरीही फ्लोअरवर कोलांटी घेताना आणि बारवर लोंबकळताना केस तोंडावर येऊन चालत नाही, आणि डोक्याच्या मागे अंबाडा बांधला तर कोलांटीत तो मानेखाली येतो. लोखंडी चिमटे तर तिच्या डोक्यात नकोतच. त्यामुळे मी दोन सागरवेण्या घालायला शिकलो. मधून भांग पाडायचा, कपाळापासून तीन बारीक पेड घ्यायचे आणि दर वळणाला कडेचे थोडे केस आत ओढत कवटीला चिकटून मानेपर्यंत यायचे, आणि टोकाला कापड गुंडाळलेले मऊ रबर लावायचे. आता मला दोन्ही वेण्यांना मिळून दहा मिनिटे लागतात. ती त्या वेळी मोठ्याने पाढे म्हणते आणि अठ्ठावीसच्या पाढ्यापर्यंत माझे काम संपते.

धाकटीचे केस कमरेपर्यंत आहेत आणि तिला ते मोकळे सोडून मिरवायला आवडतात. स्पर्धेला अंबाडा लागतोच: उंच पोनी, पीळ, भोवती आकडे आणि वरून जाळी. सुरुवातीला मी रोजच्या सरावालाही तोच बांधत असे आणि वर बाजारातले कडक जेल लावत असे. तीन महिन्यांत तिच्या कपाळाच्या कडेला बारीक पुरळ आले आणि कानशिलाजवळचे केस विरळ दिसू लागले. केस रोज घट्ट ओढून बांधले की मुळांवर ताण येऊन कडेचे केस गळतात. वेळीच ढिले केले तर ते परत येतात, चालू ठेवले तर मूळच निकामी होऊ शकते. त्वचारोगतज्ज्ञांनी हे स्पष्ट सांगितल्यापासून आमच्या घरी अंबाडा केवळ स्पर्धेला आणि तिच्या आदल्या दिवशीच्या रंगीत तालमीला बांधला जातो. रोज एक सैल वेणी घालून ती गुंडाळायची आणि दोन आकड्यांनी अडकवायची, एवढेच.

जेलचा पर्याय काकूंनी सुचवला: जवसाचे जेल. आमच्याकडे जवस घरात असतेच, चटणीसाठी. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर आठ-दहा मिनिटे उकळायचे आणि चमच्यावरून ते अंड्याच्या पांढऱ्यासारखे लोंबू लागले की गॅस बंद करून लगेच, गरम असतानाच, पातळ फडक्यातून गाळायचे. थंड झाल्यावर ते फडक्यातून उतरतच नाही. हे मी पहिल्या खेपेला अर्धे भांडे वाया घालवून शिकलो. फ्रिजमध्ये ते आठवडाभर टिकते. त्याला वास नाही, वाळल्यावर पांढरे पापुद्रे सुटत नाहीत आणि साध्या पाण्याने ते निघून जाते. मात्र खरे सांगायचे तर त्याची पकड मध्यम आहे. ठाण्याच्या दमट हवेत सकाळी आठला बांधलेल्या अंबाड्याच्या कडा दुपारी दोनपर्यंत सुटू लागतात आणि मग ओल्या हाताने पुन्हा बसवाव्या लागतात. धाकटीला हे चालते. सरावाला जाण्यापूर्वी मात्र दोघींच्याही केसांना तेल लावत नाही, कारण तेच हात बारला आणि हूपला लागतात. खोबरेल तेल शनिवारी रात्री, थोरलीला जरा अधिक, कारण बारवर हाताला लावायची मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी भुकटी तिच्या केसांत बसते आणि केस कोरडे करते.

आता काकूंच्या कामातील उणिवा. स्पर्धांच्या हंगामात त्यांच्याकडे गर्दी होते आणि बारा दिवसांचे काम चोवीस दिवसांवर जाते. तारीख चुकेल हे त्या आपणहून कळवत नाहीत, विचारावे लागते. कापडाचे रंग मोजके आहेत. धाकटीच्या पहिल्या लिओटार्डचा जांभळा रंग पहिल्याच धुण्यात फिकट अस्तरावर उतरला, आणि चिकटवलेल्या खड्यांपैकी वीस-बावीस खडे दोन महिन्यांत पडले. त्यांनी ते कोणतेही पैसे न घेता पुन्हा लावून दिले, पण चिकटवण्याऐवजी शिवून लावण्याचे दोन छिद्रांचे खडे आधीच वापरायला हवे होते, असे माझे मत आहे. थोरलीच्या पूर्ण पोशाखाला मला १,९०० रुपये पडले आणि धाकटीच्या मोराच्या लिओटार्डला २,८००. नव्याने वर्गात घातलेल्या मुलीसाठी एवढा खर्च करू नये. डेकॅथलॉनमध्ये डोमियोसचे साधे तयार लिओटार्ड मिळतात, ते मुलीला घालून, कमान टाकायला लावून पाहावेत आणि रोजच्या सरावासाठी घ्यावेत. सहा महिन्यांनी ती टिकून असेल आणि तिची बांधणी तयार मापात बसत नसेल, तर काकूंकडे जावे. धुताना थंड पाणी, सौम्य साबण, उलटा करून सावलीत वाळवणे, पिळायचे नाही, आणि कपडे मऊ करणारे द्रावण अजिबात घालायचे नाही, कारण त्याने लायक्राचा ताण जातो. हे काकू दर वेळी स्वतः सांगतात.

काकूंकडे जाताना मुलीला बरोबर न्यावे, आणि माप झाल्यावर पालकांनी दहा मिनिटे बाहेर जाऊन चहा घ्यावा. जानेवारीसाठीची आमची मागणी मी गेल्या रविवारी देऊन आलो. थोरलीचा तोच निळा पोशाख, पायात दोन इंच जास्त. धाकटीने या वेळी मोर सोडून दिला आहे आणि पाठीवर एक मासा काढून दिला आहे, ज्याचे डोळे कुठे येतील यावर काकू अजून विचार करत आहेत.