ग्रेव्हडिगर्स, डब्लिन: ना टीव्ही, ना गाणी, गिनेस मात्र अव्वल

डब्लिनला आलेल्या पाहुण्यांना पब दाखवायचा म्हटलं की टेंपल बार हा पबांनी भरलेला भाग ठरलेला. तिथे पाइंट, म्हणजे बिअरचा मोठा ग्लास, महाग, गोंगाट भरपूर आणि आजूबाजूला सगळे पर्यटकच. त्यापेक्षा शहराच्या मध्यावरच्या ओकॉनेल स्ट्रीटपासून उत्तरेला साधारण तीन किलोमीटरवर ग्लासनेव्हिनला जा. प्रॉस्पेक्ट स्क्वेअरमध्ये, दफनभूमीला लागून 'जॉन कॅव्हना' आहे. पाटीवर हे नाव असलं तरी सगळे त्याला 'ग्रेव्हडिगर्स'च (थडगी खोदणारे) म्हणतात. १८३३ सालचा पब, आजही त्याच घराण्याकडे. थडगी खोदणारे भिंतीवर फावडं आपटून पाइंट मागवायचे, ही गोष्ट तिथे जो तो ऐकवतो. खरीखोटी देव जाणे.

पत्त्यात एक घोळ हमखास होतो. नकाशात दफनभूमीचं नाव टाकलं तर तुम्ही फिंग्लस रोडवरच्या मुख्य फाटकाशी पोचता आणि पब राहतो दुसऱ्या बाजूला, जुन्या फाटकाजवळ. म्हणून पबचंच नाव टाका.

खोल्या दोन. बसायचं ते जुन्या बारमध्येच: झिजलेली लाकडी जमीन, लाकडी आडोसे, उजेड बेताचा. टीव्ही नाही, संगीत नाही, त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या गप्पाही कानावर पडतात. शेजारचा लाउंज ठीकठाक. जेवायचं असेल तर सोयीचा, पण एवढ्या लांब यावं असं त्यात काही नाही. शनिवारी संध्याकाळी जुन्या बारमध्ये उभं राहायलाही जागा मिळेलच असं नाही. आठवड्यातली दुपार उत्तम.

ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची. रांग लावत नाहीत, पण कोण आधी आलं हे बारवाल्याच्या बरोबर लक्षात असतं. नोटा हलवून बोलावणं असभ्य समजतात. चौघं असाल तर एकाने चौघांचं घ्यायचं, पुढची फेरी दुसऱ्याची. आपली फेरी आली की फोन घेऊन बाहेर सटकणारा माणूस तिथेही ओळखू येतो! बारवर टिप देण्याची पद्धत नाही.

आता गिनेस, आयर्लंडची प्रसिद्ध काळी बिअर. पाइंट म्हणजे ५६८ मिली, अल्कोहोल चार टक्क्यांच्या जरासं वर. ग्लास ४५ अंशांत तिरका धरून पाऊणभर भरतात आणि बाजूला ठेवतात. इथेच नवखे लोक हात पुढे करतात. करू नका, तो अजून पुरा झालेला नाही. नळातून येणाऱ्या वायूत बराचसा नायट्रोजन असतो; त्याचे बुडबुडे फार बारीक. ते मधून वर चढतात आणि काचेलगतचा द्रव खाली उतरताना काहींना सोबत ओढतो, म्हणून बुडबुडे बुडताना दिसतात. सगळं स्थिरावून काळा आणि पांढरा भाग वेगळा झाला की ग्लास सरळ धरून उरलेला भरतात. एकूण दोन मिनिटं धरून चाला. फेसावर साबणासारखे मोठे बुडबुडे दिसले किंवा फेस लगेच विरला, तर बहुधा ग्लासला तेलकटपणा नाहीतर साबण राहिलेला असतो, किंवा पाइप वेळेवर धुतलेले नसतात. चांगल्या पाइंटची खूण म्हणजे प्रत्येक घोटानंतर काचेवर उमटणारं फेसाचं कडं. इथे ती कडी तळापर्यंत मोजता येतात. छोटे घोट घेऊन नुसता फेस चाटत बसू नका, फेसाखालची कडवट बिअर तोंडात आली पाहिजे.

खाण्यात कॉडल प्रसिद्ध. डुकराच्या मांसाचे सॉसेज, बेकन, बटाटे आणि कांदा न परतता मंद आचेवर शिजवलेलं पांढुरकं कालवण. दिसायला फिकं आणि आपल्या जिभेला अळणीच. मिरपूड मागून घ्या. शाकाहाऱ्यांनी जेवूनच यावं. गिनेस गाळताना पूर्वी माशापासून काढलेला पदार्थ वापरत, आता वापरत नाहीत, एवढा दिलासा.

मुलं बरोबर असतील तर दुपारीच या. १८ वर्षांखालच्यांना रात्री ९ नंतर (मे ते सप्टेंबर १० नंतर) बारमध्ये थांबू देत नाहीत. हा देशाचाच कायदा आहे. जवळच राष्ट्रीय वनस्पती उद्यान आहे, प्रवेश फुकट. आधी ते पाहून मग पबकडे वळलात तर अर्धा दिवस छान जातो.