'दीर्घ श्वास घ्या' न म्हणणारा क्लास (पाचपाखाडी, संध्याकाळची बॅच)

आधीच सांगते, मी योगाच्या वाटेला जाणारी बाई नाही. पण दिवाळीनंतर ऐरोलीहून घरी येताना ट्रान्सहार्बरच्या गाडीत दोनदा असं झालं की छाती धडधड, बोटांना मुंग्या, ओठ बधिर, वाटलं आता संपलंच, ठाण्याला उतरून सरळ डॉक्टरकडे. ईसीजी नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल. डॉक्टर म्हणाले अँग्झायटी आहे, गोळी देतो, जोडीला हलका व्यायाम आणि प्राणायाम सुरू करा. म्हणून हा क्लास. नाव टाकत नाहीये कारण खाली थोडी बोंबही मारलीये.

सोसायटीचा हॉल, पहिला मजला, आठवड्यातून तीन दिवस साडेसात ते साडेआठ, महिन्याला १६०० रुपये. पंधरा-सोळा माणसं, निम्मी पन्नाशीपुढची. एक काका शवासनात दुसऱ्याच मिनिटाला घोरायला लागतात, आधी राग यायचा, आता त्यांच्या घोरण्यावर मी माझा श्वास मोजते.

याआधी घराजवळच्या एका ठिकाणी गेले होते, तिथे पहिल्या दिवसापासून कपालभाती आणि माईकवर 'अजून जोरात, अजून जोरात'. तिसऱ्या दिवशी तिथेच मुंग्या आल्या आणि मी चपला घालून बाहेर. इथल्या ताईंनी (साठीच्या असतील, सगळे ताईच म्हणतात) पहिलं काय विचारलं तर घाबरल्यावर तू करतेस काय? म्हटलं दीर्घ श्वास घेते, सगळे तेच सांगतात ना. म्हणाल्या, "अगं, तू आधीच जास्त घेतेयस, सोड की तो!"

मग समजावलं, घाबरलं की आपण भराभर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मुंग्या आणि गरगरणं त्यातूनच येतं, आणि त्यावर आपण आणखी मोठमोठे श्वास घेतो म्हणजे आगीत तेलच. त्यांच्याकडे नाकाने ४ मोजेपर्यंत आत, ६ मोजेपर्यंत बाहेर, पोट सैल, ओढाताण नाही. म्हणजे मिनिटाला ६ श्वास, एरवी आपण बसल्या जागी १२ ते २० घेतो. आणि पटत नसेल तर स्वतः बघ म्हणून मनगटावर तीन बोटं ठेवायला लावली. श्वास घेताना ठोके जवळजवळ पडतात, सोडताना लांब लांब. पहिल्यांदा काही कळलं नाही, चौथ्यांदा कळलं, आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. आपल्या हातात असं काही असतं हे बेचाळीस वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं.

हालचाली म्हणाल तर अगदी साध्या, खांदे फिरवणं, मार्जारासन, शेवटी भिंतीला पाय टेकवून पडणं. नियम एकच, हात श्वासाच्या आधी पोचता कामा नये. हे ऐकायला सोपं आहे, करून बघा. माझे हात कायम आधी पोचायचे, लोकल सुटतेय अशा थाटात. दोन आठवडे फक्त तेवढंच सुधारत होते. भ्रामरी मला सगळ्यात आवडते, गुणगुणताना श्वास आपोआप लांबतो, मोजायची कटकट नाही. एकदा ती चालू असताना वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली तर ताई डोळे न उघडता म्हणाल्या, तीही भ्रामरीच.

आता तक्रारी. पार्किंग शून्य. पंखा करकरतो. हॉल लग्नाला दिला की क्लास बंद, त्या दिवसांचे पैसे पुढे धरत नाहीत, विचारलं तर ऑफिस सांभाळणारा मुलगा 'पॉलिसी आहे मॅडम'. आणि सगळ्यात वैताग म्हणजे त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. साउंड हीलिंगचं वर्कशॉप, २५०० रुपये, आणि रात्री साडेअकराला मेसेज 'लास्ट २ सीट्स, हरी अप'. अहो, अँग्झायटीवाल्यांचा ग्रुप आहे हा! म्यूट केला.

अडीच महिने झाले. सगळं गेलं असं नाही. मागच्या आठवड्यात दिघा गाव सोडल्यावर गाडी वीस मिनिटं मधेच उभी, डबा खच्चून भरलेला, धडधड सुरू झालीच. हात हलवायला जागा नव्हती म्हणून बॅगेखाली मनगट धरलं आणि श्वास सोडत राहिले, ४-६, ४-६. धडधड आली पण मुंग्या आल्या नाहीत. समोरच्या बाईने चेहरा बघून चौथी सीट दिली, ते वेगळंच.

ताईंचं एक आवडलं, गोळी बंद करा असं कधीच म्हणत नाहीत. एका मुलीने स्वतःच्या मनाने बंद केली तर सगळ्यांसमोर झापलं, आधी डॉक्टरला विचार म्हणून. दाराशी टेलिमानसचा (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६ नंबरही चिकटवलाय.

माझ्याकडून पाचपैकी चार, एक कापला तो ग्रुपसाठी. जाणार असाल तर आधी ट्रायल मागा, देतात. सतरंजी घरची न्या, तिथल्या मॅटना पावसाळ्यातल्या मोज्यांसारखा वास येतो. आणि खिडकीजवळची जागा धरू नका, ती काकांची आहे.